रसायनशास्त्रज्ञाने वाचलेली इडली

रात्री वाटून ठेवलेलं उडीद-तांदळाचं पीठ सकाळी पातेल्याच्या काठाला टेकलेलं असतं. झाकण काढलं की आंबूस वास येतो, डाव घातला की बुडबुडे फुटताना बारीक आवाज होतो. ल्युकोनोस्टॉकसारखे जिवाणू रात्रभर पिठातली साखर खाऊन आम्ल आणि कार्बन डायऑक्साइड सोडत असतात. नुसत्या तांदळाच्या पिठातून हा वायू निसटून जाईल. उडदातली प्रथिनं आणि चिकट कर्बोदकं त्याला धरून ठेवतात, म्हणून इडली जाळीदार होते.

हे आपल्याकडे कधीपासून चालत आलंय? के. टी. अचया यांनी हा प्रश्न फार गांभीर्याने घेतला. १९२३ साली कर्नाटकातल्या कोळ्ळेगाळला जन्मलेले अचया मुळात तेलांचे रसायनशास्त्रज्ञ. लिव्हरपूलहून डॉक्टरेट घेऊन आल्यावर हैदराबादच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत त्यांनी दोन दशकं काढली. एरंडेलाच्या रसायनशास्त्रात त्यांचा अधिकार मोठा होता. पुढे मुंबई, मग म्हैसूर. बैलाच्या घाण्यावर तर त्यांनी स्वतंत्र पुस्तकच लिहिलं. ज्याला शेंगदाण्यातून तेल कसं सुटतं हे ठाऊक आहे, त्यालाच घाण्याच्या दांड्याकडे इतकं निरखून पाहावंसं वाटतं, असं मला वाटतं. भारतीय अन्नाच्या इतिहासावरचा त्यांचा मोठा ग्रंथ १९९४ साली आला, कोश १९९८ साली. २००२ साली ते गेले.

जुने ग्रंथ ते पाककृतीसारखे वाचत. पदार्थाचं नाव सापडलं म्हणजे पदार्थ सापडला, असं ते मानत नसत. ‘वड्डाराधने’ या दहाव्या शतकातल्या कन्नड ग्रंथात ‘इड्डलिगे’ आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लासा’त, सुमारे ११३० साली, ‘इड्डरिका’ आहे. पण अचयांनी घटक आणि कृती तपासली. पीठ एकट्या उडदाचं. आजच्या इडलीतल्या तीन गोष्टी त्यांना तिथे दिसेनात: तांदळाची जोड, रात्रभर आंबवणं आणि वाफेवर शिजवणं.

मग त्यांनी एक अंदाज बांधला. इंडोनेशियात आंबवलेल्या पदार्थांची परंपरा समृद्ध आहे, तिथल्या हिंदू राजांचे आचारी भारतात येत-जात असत, त्यांच्याबरोबर ही कृती आली असावी. सातव्या शतकातला चिनी प्रवासी ह्युएन त्संग भारतात वाफेवर शिजवायचं भांडं नाही असं म्हणतो, हाही आधार त्यांनी घेतला.

हा अंदाज मला पटत नाही. अशा आचाऱ्यांनी ही कृती आणल्याचा थेट पुरावा कुणी दाखवलेला नाही. आणि वाफवायला खास भांडं लागतंच असं कुठे आहे? पातेल्यात पाणी उकळत ठेवायचं, तोंडाला ओलं फडकं ताणून बांधायचं, त्यावर मोदक ठेवून वर झाकण घालायचं. मोदकपात्र नसलेल्या घरात हे सहज जमतं, आणि हे पाहून एखादा परका प्रवासी ‘यांच्याकडे भांडं नाही’ असंच लिहून जाईल. पण अचयांनी घातलेली ती तीन कलमं आजही टाळता येत नाहीत. इडलीचा इतिहास सांगायला बसणाऱ्या प्रत्येकाला त्यांचं उत्तर द्यावं लागतं. फडकं कुजून जातं, मातीचं मडकं फुटतं. हातात राहतात ते ‘इड्डलिगे’सारखे शब्द आणि त्यांच्याशेजारी लिहिलेली चार ओळींची कृती.