मरगळ ऋतूची की वेळापत्रकाची?

थंडी पडली की एक वाक्य हमखास कानावर येतं : "हवाच अशी आहे, कामात लक्ष लागत नाही." उन्हाळ्यात तीच माणसं तेच वाक्य उकाड्याच्या नावाने म्हणतात, पावसाळ्यात ढगांच्या नावाने. म्हणजे बाराही महिने गुन्हेगार हवा, आणि रोज पहाटे कोकलणारा गजर मात्र निर्दोष. हे इतक्यांदा ऐकून झालंय की आता एकदाच सविस्तर लिहून टाकतो.

वेळापत्रकाची मरगळ कुणाला समजावून सांगायला नको. सोमवार जड जातो, बुधवारपर्यंत गाडी रुळावर येते, शुक्रवारी अंगात अचानक हुरूप येतो. शरीराचं घड्याळ आणि कामाचं घड्याळ यांतल्या या ओढाताणीला झोपेचे अभ्यासक टिल रोनेबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये 'सोशल जेटलॅग' हे नाव दिलं. मोजायची रीत सोपी. कामाच्या दिवशी तुम्ही १२ ते ६ झोपता, म्हणजे झोपेचा मध्य ३ वाजता. सुट्टीच्या दिवशी गजराविना २ ते १०, म्हणजे मध्य ६ वाजता. फरक तीन तासांचा. विमानात न बसता दर आठवड्याला तीन टाइमझोन ओलांडून परत यायचं, असा हा प्रकार.

ऋतूची मरगळ वेगळी. मानसोपचारतज्ज्ञ नॉर्मन रोझेंथल आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये हिवाळ्यात येणाऱ्या आणि उन्हं वाढली की ओसरणाऱ्या नैराश्याचं पहिलं पद्धतशीर वर्णन केलं. त्यात झोप वाढते, भूक वाढते, गोड आणि पिठूळ खावंसं वाटतं, वजन चढतं. उन्हाळ्यात येणारा प्रकारही आहे, पण तो कमी आढळतो आणि त्याची लक्षणं बरीचशी उलटी : झोप उडते, भूक मरते.

आता माझा एक जुना राग. लोक 'ऋतू' म्हणतात आणि मनात तापमान धरतात. हिवाळी नैराश्याच्या चर्चेत थर्मामीटरपेक्षा प्रकाशाचं महत्त्व कितीतरी जास्त आहे. मेंदूतलं घड्याळ डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावर लावलं जातं. त्यासाठी डोळ्याच्या पडद्यात खास पेशी असतात, हे २००२ मध्ये स्पष्ट झालं. नेहमीच्या ऑफिसात उजेड ३०० ते ५०० लक्स (उजेड मोजायचं एकक) असतो. बाहेर ढगाळ दिवशीही तो काही हजारांत जातो आणि भर उन्हात एक लाखाच्या आसपास. तेव्हा "आज ढग आहेत म्हणून उदास वाटतंय" असं ट्यूबलाइटखाली बसून म्हणणाऱ्याने आधी ढगाखाली जाऊन उभं राहावं. उकाड्याने रात्रीची झोप मोडते हे खरं, पण पहिल्या गार रात्री ती तक्रार निघूनही जाते.

उजेडाचा प्रश्न आला की अक्षांशाचा आलाच. ६० अंशांवर उन्हाळ्यातला सर्वांत मोठा दिवस जवळपास १९ तासांचा आणि हिवाळ्यातला सर्वांत लहान सहा तासांहून कमी. २० अंशांवर हाच फरक अडीच तासांच्या आत राहतो आणि विषुववृत्तावर जवळजवळ नाहीच. विषुववृत्ताजवळ राहून कुणी 'विंटर ब्लूज'ची तक्रार केली, तर मी आधी त्याची कामाची वेळ विचारतो.

खरी ठेच मात्र पुढेच लागते, आणि चांगली शिकलेली माणसंही तिथेच अडखळतात. त्यांचा युक्तिवाद असा : "मला दरवर्षी बरोबर याच महिन्यात असं होतं, म्हणजे कारण ऋतूच." ऐकायला बिनतोड, पण दरवर्षी परत येणारा एकटा ऋतू नसतो. कॅलेंडरही दरवर्षी परत येतं. वर्षअखेरीचे हिशेब, परीक्षा, टार्गेट, सुगीनंतर रिकामे बसायचे महिने, लांब सुट्टीनंतरचा पहिला आठवडा, हे सगळं ठरल्या तारखांना येतं. ज्या महिन्यात दिवस लहान होतात त्याच महिन्यात कामाचा डोंगरही उभा राहत असेल, तर "दरवर्षी होतं" या एका निरीक्षणावरून दोघांपैकी कुणालाच पकडता येत नाही.

हा गोंधळ इतका जुना आणि इतका हट्टी आहे, की मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत त्याच्यासाठी वेगळी सूचना घालावी लागली. डीएसएम-५ मध्ये नैराश्याला 'ऋतुचक्रानुसार' हे विशेषण लावायचं तर निदान दोन वर्षं तोच क्रम दिसावा लागतो : ठरावीक काळात येणं, ठरावीक काळात पूर्ण जाणं, आणि अधेमधे बिगर-ऋतू नैराश्य नसणं. त्याच जोडीला स्पष्ट म्हटलंय की दर हंगामात येणारी बेकारी किंवा शाळेचं वेळापत्रक अशा कारणांनी तो क्रम अधिक नीट समजत असेल, तर हे विशेषण लावू नये. म्हणजे दरवर्षी त्याच महिन्यांत काम सुटतं म्हणून खचणारा माणूस खचलेला असतोच, पण सूर्यामुळे नाही. मला ही पुस्तिका सगळीच पटते असं नाही. ही सूचना मात्र मी भिंतीवर लावीन.

मग दोघांना वेगळं करायचं कसं? जिथे ऋतू आणि कॅलेंडर यांची फारकत होते, तिथे बघायचं. डिसेंबर दोन्ही गोलार्धांत येतो, पण सिडनीत तो उन्हाळा असतो. तुमची 'डिसेंबरची दमणूक' तिथल्या तुमच्या सहकाऱ्यालाही तेवढीच होत असेल, तर लहान दिवसांना दोष देणं अवघड आहे.

आठवड्याचं तर आणखी सोपं. दिवस पृथ्वीच्या फिरण्याने ठरतो, वर्ष तिच्या प्रदक्षिणेने, पण सात दिवसांचा आठवडा आकाशात कुठेच नाही. तो आपण बांधलाय. कॉर्नेल विद्यापीठाच्या स्कॉट गोल्डर आणि मायकेल मेसी यांनी २०११ मध्ये ८४ देशांतल्या सुमारे २४ लाख लोकांचे ५० कोटींहून जास्त ट्विटर-संदेश तपासले. सुट्टीच्या दिवशी सूर प्रसन्न, आणि सकाळच्या प्रसन्नतेचा उच्चांक कामाच्या दिवसांपेक्षा सुमारे दोन तास उशिरा. संयुक्त अरब अमिरातीत तेव्हा कामाचा आठवडा रविवार ते गुरुवार असे. तिथे हाच सूर शुक्रवार-शनिवारी सापडला. शनिवार-रविवारात अंगभूत जादू असती तर असं झालं नसतं. त्याच अभ्यासात ऋतूचा धागाही सापडला, पण तो दिवस किती मोठा आहे याच्याशी नव्हे, तर दिवस वाढतोय की घटतोय याच्याशी जोडलेला.

स्वतःपुरतं तपासायला मला झोपेची वही सगळ्यांत भरवशाची वाटते. मनगटावरच्या उपकरणांवर माझा फारसा जीव नाही. तीन आठवडे झोपायची आणि उठायची वेळ लिहा. कामाच्या दिवशी झोप तोकडी आणि सुट्टीला लांब, उशिरा सरकलेली दिसली, तर संशय वेळापत्रकावर. दोन्ही प्रकारच्या दिवशी झोप लांबलेली आणि तरी अंग जड, तर संशय ऋतूवर. लांब सुट्टी मिळाली की आणखी स्पष्ट होतं. पहिले तीन-चार दिवस मोजू नका, तेव्हा थकलेली झोप वसूल होत असते. त्यानंतर तरतरी आली तर उत्तर मिळालं. सुट्टीतही दोन आठवडे मन उतरलेलंच राहिलं, कशातच रस वाटेना, तर वही मिटवून डॉक्टरांकडे जा.

दोघं हातमिळवणी करतात तेव्हा पंचाईत होते. हिवाळ्यात सूर्योदय पुढे सरकतो, ऑफिसची वेळ सरकत नाही. सकाळचा उजेड उशिरा मिळाल्याने आतलं घड्याळही मागे रेंगाळतं, आणि गजर त्याच ठोक्याला वाजतो. उजेड घटवला ऋतूने, ताण आणला न हलणाऱ्या वेळेने. कोलोरॅडो विद्यापीठाचे केनेथ राइट यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही जणांना आठवडाभर तंबूत, फक्त सूर्य आणि शेकोटीच्या उजेडात ठेवलं. त्यांची मेलाटोनिन (शरीराला रात्र झाल्याचं सांगणारं संप्रेरक) स्रवायची वेळ जवळपास दोन तास अलीकडे आली, म्हणजे आतलं घड्याळ लवकर चालू लागलं.

उपायांतही गल्लत होतेच. सकाळचा उजेड दोन्हींना उपयोगी, म्हणून लोक समजतात की उपाय एकच. हिवाळी नैराश्यात १०,००० लक्सचा दिवा, सकाळी अर्धा तास, असा नेमका डोस वापरला जातो. डोळ्यांचा आजार किंवा बायपोलर (मन आलटूनपालटून अति उत्साह आणि नैराश्यात जाणारा आजार) असेल तर तोही डॉक्टरांना विचारूनच. रात्री नऊ वाजता तो दिवा लावून पुस्तक वाचणारेही पाहिलेत. त्याने घड्याळ आणखी मागे पडतं. सोशल जेटलॅगला असल्या दिव्याची गरज सहसा नसते. रविवारी अकरापर्यंत लोळणं कमी केलं तरी बराच फरक पडतो. आणि हो, रविवारच्या त्या झोपेला 'भरपाई' म्हणणं मला अजिबात आवडत नाही. थोडी उधारी फिटते, पण सोमवारी पुन्हा वेगळ्या टाइमझोनमध्ये जाग येते.

फिरत्या पाळीत काम करणाऱ्यांनी मात्र वर दिलेलं झोपेच्या मध्याचं गणित तसंच्या तसं वापरू नये. त्यांना सकाळपाळी, दुपारपाळी आणि रातपाळीचा हिशोब सुटा ठेवावा लागतो, आणि त्या-त्या पाळीनंतर येणाऱ्या सुट्टीचाही.