मानेवर वळ नाही, म्हणून?

"गळा दाबला म्हणते, पण मानेवर साधा ओरखडा नाही!" नवऱ्याच्या मारहाणीबद्दल बाई बोलायला लागली की हे वाक्य हमखास येतं, चांगल्या शिकलेल्या माणसांच्या तोंडूनही. शरीरशास्त्राच्या दृष्टीने ते साफ चूक आहे.

मानेतून तीन महत्त्वाच्या गोष्टी अगदी खेटून जातात: मेंदूला रक्त पोचवणाऱ्या कॅरोटिड धमन्या, ते परत आणणाऱ्या जुग्युलर शिरा आणि श्वासनलिका. गळा दाबला की श्वास कोंडतो, एवढंच आपल्याला माहीत असतं. पण श्वासनलिकेला कूर्चेच्या कड्यांचा आधार असतो. ती मिटायला या तिघांत सर्वांत जास्त जोर लागतो. शिरा पातळ, आतला दाबही कमी, म्हणून आधी त्या मिटतात. धमन्यांतून रक्त वर चढतच राहतं आणि परतीची वाट बंद! केशवाहिन्या तुंबून फुटतात. डोळ्यांच्या पांढऱ्या भागात, पापणीच्या आत, कानामागे टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके उमटतात, ते यामुळे. धमन्याही दबल्या तर सुमारे दहा सेकंदांत शुद्ध हरपते, कारण मेंदूकडे ऑक्सिजनचा साठा नसतो. तेवढ्यात कातडीवर वळ उठेलच असं नाही. अमेरिकेत सॅन डिएगो इथल्या गळा दाबल्याच्या ३०० प्रकरणांचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या निम्म्या प्रकरणांत पोलिसांना दिसण्याजोगी एकही खूण आढळली नव्हती.

ऑक्सिजन तुटला की मेंदूतला आठवणी नोंदवणारा भाग, हिप्पोकॅम्पस, लवकर कोलमडतो. मग तिला घटनेचा क्रम सांगता येत नाही, मधलं काही आठवत नाही. लोक म्हणतात खोटं बोलते. कुठे कुठे तर अशा भांबावलेल्या बाईला 'बाहेरचं लागलंय' म्हणून देवऋषाकडे नेतात. तिला अंगारा नको, डॉक्टर हवा, आणि तोही त्याच दिवशी. धमनीच्या आतल्या अस्तराला चीर गेली असेल तर तिथे गुठळी होऊन काही दिवसांनीही पक्षाघात होऊ शकतो.

आवाज घोगरा होणं, गिळताना दुखणं, त्या वेळी नकळत लघवी होणं, उन्हाळ्यातही गळ्याभोवती घट्ट ओढणी: यांतलं काही दिसलं तर तिला एकटीला गाठून विचारा. नवऱ्यासमोर किंवा सासूसमोर विचारू नका. 'भांड्याला भांडं लागायचंच' हे तर मुळीच म्हणू नका. जोडीदाराने एकदा गळा दाबला असेल तर पुढे त्याच्याच हातून खून होण्याचा धोका सुमारे सातपट असतो, असं अमेरिकेतल्या २००८ च्या एका अभ्यासात दिसलं.

जीव धोक्यात असेल तर ११२, एरवी महिला हेल्पलाइन १८१. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानुसार संरक्षण अधिकारी मदतीला असतात आणि पीडितेने मागितल्यास रुग्णालयाला उपचार द्यावेच लागतात. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात हिंसाचार सोसणाऱ्या बायकांसाठी 'दिलासा' केंद्र आहे. डॉक्टरांना 'पडले' सांगू नका. 'गळा दाबला' असंच सांगा आणि ते केसपेपरवर लिहून घ्या.