पार्श्वभूमी : गुंठ्यातली सुपारी आणि हेक्टरची भरपाई

अरबी समुद्रात वादळं पूर्वीही व्हायची. २००१ ते २०१९ या काळात मात्र त्यांची संख्या आधीच्या १९ वर्षांपेक्षा सुमारे ५२ टक्क्यांनी वाढली, आणि अतितीव्र वादळं अडीचपट झाली. समुद्राचा वरचा थर खोलवर तापलेला असला की वादळाने पाणी घुसळूनही खालचं गार पाणी वर येत नाही, त्यामुळे वादळाचं इंधन तुटत नाही. शिवाय हवा एका अंशाने तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त बाष्प मावतं. एकट्या ‘निसर्ग’ चक्रीवादळाचं खापर तापमानवाढीवर फोडता येणार नाही, पण १ जून २०२० ला डिप्रेशन, म्हणजे नुसता तीव्र कमी दाबाचा पट्टा, असलेलं ते ३ जूनला तीव्र चक्रीवादळ होऊन रायगडच्या श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यावर आदळलं. आवराआवरीला दोन दिवसही मिळाले नाहीत.

वाड्या आडव्या झाल्या, पण खरा गुंता नुकसानीच्या पंचनाम्यात झाला. बहुवार्षिक पिकांच्या भरपाईचा तेव्हाचा निकष हेक्टरी १८ हजार रुपये होता, म्हणजे गुंठ्याला १८०. राज्याने तो ५० हजारांवर नेला, तरी गुंठ्याला ५०० च. इथल्या वाड्या गुंठ्यांत मोजतात. शिवाय वाडी एका पिकाची नसते: वर नारळ, मध्ये सुपारी, सुपारीवर मिरवेल, सावलीला जायफळ. चार पिकं एकावर एक, आणि भरपाई जमिनीच्या एकाच थराची! ओरड झाल्यावर नारळाला झाडामागे २५० आणि सुपारीला ५० रुपये ठरले. पावणेतीन मीटर अंतराने लावलेल्या सुपारीची गुंठ्यात तेरा-चौदा झाडं बसतात. सगळी पडली तरी सातशेच्या आतबाहेर. नारळ धरला तरच हिशेब जरा वर सरकतो.

झाड मोजण्यातही मेख आहे. सुपारीला वाढीचा कोंब एकच, शेंड्याला. खोड मधूनच मोडलं की आंब्यासारखी बाजूने फूट येत नाही, झाड संपलं. उभ्या राहिलेल्या झाडाचा कोंब पिळवटला असेल तर ते काही महिन्यांनी वाळतं, तोवर पंचनामा उरकलेला असतो. वरचं छत्र गेल्यावर उन्हाने करपणारं जायफळही असंच उशिरा कळतं.

नव्या रोपाला फळ धरायला सहा-सात वर्षं लागतात. २०२० च्या पावसात लावलेली रोपं वर्षाचीही झाली नव्हती, तोच मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याला घासून गेलं.