खाचेची कुठली भिंत?

केसाची जाडी धरा ०.०७ मिलिमीटर. रायफलवर नेम धरण्यासाठी बसवलेल्या दुर्बिणीच्या, म्हणजे स्कोपच्या, दोन रिंगांमधले (तिला धरणाऱ्या कड्यांमधले) अंतर धरा १०० मिलिमीटर. रेलवर, म्हणजे रायफलच्या पाठीवरच्या पट्टीवर, बसवताना एका रिंगच्या बुडाशी केस अडकून राहिला, तर शंभर मीटरवर नेम सात सेंटीमीटर सरकतो. शंभर मिलिमीटरमागे ०.०७, म्हणजे शंभर मीटरमागे ७० मिलिमीटर. त्रैराशिकाच्या पलीकडे यात काही नाही. तो केस जन्मभर तिथेच राहिला तरी हरकत नाही, स्कोपवरच्या चकत्या फिरवून तेवढी चूक भरून काढता येते. छळतो तो हलणारा केस. या गोळीला आहे, पुढच्या गोळीला नाही. सैल रिंग नेमके हेच करते.

दोन वर्षांपूर्वी माझ्या स्प्रिंगच्या एअर रायफलने मला असेच हैराण केले. पहिले दहा छर्रे एका रुपयाच्या नाण्याखाली झाकतील असे, पुढचे दहा दोन बोटे खाली, मग डावीकडे. छर्ऱ्यांचा डबा बदलला, खांद्यावरची पकड बदलली, शेवटी रिंगांचे स्क्रू ॲलन की तळव्यात रुतेपर्यंत आवळले. फरक शून्य. मग एका संध्याकाळी मागच्या रिंगच्या पाठीला चिकटून रेलवर पांढऱ्या मार्करने बारीक रेघ ओढली, चाळीस छर्रे उडवले आणि विजेरीच्या उजेडात पाहिले. रेघ अर्धी रिंगखाली गेली होती. एवढी घट्ट आवळलेली रिंग चालत होती!

ती का चालते हे समजून घ्यायचे तर आधी रेलकडे नीट पाहावे लागते. बंदुकीच्या पाठीवर जी दातेरी पट्टी दिसते तिला पिकॅटिनी रेल म्हणतात. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात पिकॅटिनी नावाचे लष्करी शस्त्रागार आहे, त्यावरून. त्याआधी तिकडच्या शिकारी रायफलींवर वीव्हर पट्टी चालायची. विल्यम वीव्हर याने १९३० साली स्कोप बनवण्याचा धंदा सुरू केला, आणि त्याच्या नावाची आडव्या खाचांची पट्टी अनेक दशके टिकली. अडचण एवढीच की दोन खाचांमध्ये किती अंतर ठेवायचे, हे ज्याचे त्याने ठरवायचे. अमेरिकी सैन्याने ३ फेब्रुवारी १९९५ रोजी मिल-स्टँडर्ड-१९१३ हे मानक काढून तो गोंधळ मिटवला (इथे १९१३ हा सन नाही, मानकाचा क्रमांक आहे). खाच ५.२३ मिलिमीटर रुंद, ३ मिलिमीटर खोल, आणि एका खाचेच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत १०.०१ मिलिमीटर. पट्टीच्या दोन्ही कडा ४५ अंशात तासलेल्या असतात. रिंगचा जबडा त्या तिरप्या कडेखाली शिरतो आणि बोल्ट आवळला की रिंग पट्टीवर खाली ओढली जाते.

वीव्हरची खाच ४.५७ मिलिमीटरची. म्हणून वीव्हरची रिंग पिकॅटिनी रेलवर बसते, उलटे मात्र होत नाही. ‘बसते’ हा शब्द इथे फसवा आहे. ती बसते, पण खाचेत अर्ध्या मिलिमीटरहून जास्त फट ठेवून बसते. पिकॅटिनीसाठीच बनवलेल्या रिंगलाही थोडी फट असतेच, नाहीतर ती खाचेत उतरलीच नसती. सगळा खेळ या फटीचा आहे.

आता गोळी सुटते तेव्हा काय होते ते पाहू. रायफल मागे उसळते. स्कोपला मात्र जागचे हलायचे नसते. एसटी सुटते तेव्हा आधार न धरता उभा असलेला माणूस मागे कलंडतो. बस पुढे जाते आणि त्याचे शरीर जागीच राहू पाहते. इथे बस मागे जाते, म्हणून स्कोपला रायफलच्या मानाने पुढे जायचे असते. जोर किती? .३०८ ची (म्हणजे ०.३०८ इंच व्यासाच्या गोळीची) रायफल स्कोपसकट चार किलोची धरली, तर गोळी नळीतून बाहेर पडेपर्यंत, म्हणजे साधारण सव्वा मिलिसेकंदात, ती सेकंदाला अडीच मीटरच्या आसपास वेग घेते. हे त्वरण गुरुत्वाच्या दोनशे पट झाले. पाऊण किलोचा स्कोप तेवढ्यापुरता दीडशे किलोच्या ओझ्यासारखा रिंगांना ढकलतो. ही सरासरी झाली. क्षणिक शिखर त्याहून बरेच वर असते.

याला अडवायला आपल्याकडे दोन गोष्टी आहेत, घर्षण आणि भिंत.

घर्षण बोल्टच्या ताणातून येते. काही भक्कम पोलादी रिंगांसाठी उत्पादक ६५ इंच-पौंड, म्हणजे ७.३ न्यूटन-मीटर टॉर्क (पिळण्याचा जोर) सांगतात. सहा मिलिमीटरच्या बोल्टवर एवढ्या टॉर्कने साधारण ६,००० न्यूटन, म्हणजे सहाशे किलोची पकड येते. ऐकायला भरपूर वाटते. पण पान्याला लावलेल्या ताकदीतला नऊ दशांश भाग आट्यांमधल्या आणि बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणातच जिरतो, पकडीला उरतो जेमतेम दहावा हिस्सा. आट्यांना तेल लागले की तोच टॉर्क बोल्टला तिसऱ्या हिश्शाने जास्त ताणतो, आणि आटे जातात. रेलवर तेल राहिले तर उलटे: ताण आहे तसाच, पण घर्षण पार कमी. म्हणजे आपण ‘घट्ट’ म्हणतो ते हाताला लागलेले घट्ट असते. रिंगची पकड त्याहून वेगळी गोष्ट आहे.

यात आणखी एक मेख आहे. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ साली दाखवून दिले की बोल्टला त्याच्या लांबीच्या दिशेने हिसके बसण्यापेक्षा आडवे हिसके फार घातक असतात. जोड आडवा घसरला की आट्यांमधले घर्षण तेवढ्या क्षणापुरते जणू संपते आणि बोल्ट आपणहून उलटा फिरू लागतो. आता रिंग डोळ्यासमोर आणा. बोल्ट रेलला आडवा आणि धक्का नळीच्या दिशेने, म्हणजे बोल्टच्या बरोबर काटकोनात! युंकरचा सगळ्यात वाईट प्रसंग आपण दर गोळीला घडवून आणतो. फटीत रिंग केसभर घसरली की बोल्ट केसभर सैल होतो, सैल झाला की पुढच्या गोळीला जास्त घसरतो.

म्हणून भिंत. बोल्टच्या खालचा, खाचेत उतरणारा आडवा दांडा खाचेच्या पुढच्या भिंतीला आधीच टेकवून ठेवला, तर स्कोपला पुढे जायला जागाच उरत नाही. धक्का पोलादावर पोलाद असा थेट रेलमध्ये जातो आणि बोल्टने फक्त धरून ठेवायचे काम उरते. रिंग खाचेत सोडायची, बोल्ट बोटाने फिरेल इतपतच लावायचा, रिंग अंगठ्याने पुढे दाबून धरायची आणि तशीच धरून आवळायचे. अंगठा सोडून आवळले तर केलेले वाया जाते.

हे सगळे मी वाचलेले होते. माझ्या रिंगा पुढच्याच भिंतीला टेकलेल्या होत्या, तरी मागची रिंग मागे चालली. कारण माझी रायफल स्प्रिंगची. चाप ओढला की दाबलेली स्प्रिंग पिस्टन पुढे फेकते, त्या ओघात रायफल थोडी मागे येते. इथवर सगळे बंदुकीसारखेच. पण पिस्टन नळकांड्याच्या टोकाशी पोचून एकाएकी थांबतो आणि अख्खी रायफल पुढे ओढतो. हा दुसरा झटका पहिल्यापेक्षा तीव्र असतो. रायफल पुढे, म्हणजे स्कोप मागे. गोळीच्या बंदुकीवर वर्षानुवर्षे टिकलेले स्कोप स्प्रिंगच्या साध्या एअर रायफलवर निकामी होतात ते या दुहेरी हिसक्यामुळे. तिथे आधार मागच्या भिंतीचा हवा. बऱ्याच एअर रायफलींच्या पाठीवर मागच्या बाजूला एक छिद्र किंवा खुंटी ठेवलेली असते, ती याचसाठी.

स्कोप सरळ मागे सरकला तर नेम फारसा बिघडणार नाही, कारण दिशा तीच राहते. पण दोन्ही रिंगा सारख्या सरकत नाहीत. एक अडते, दुसरी चालते, मधली स्कोपची नळी किंचित पिळवटते, आणि पहिल्या परिच्छेदातला केस हजर होतो.

स्कोपची नळी धरणाऱ्या, रिंगांच्या वरच्या टोप्यांची गोष्ट वेगळी. तिथे पातळ भिंतीची ॲल्युमिनियमची नळी असते, त्यामुळे १५ ते १८ इंच-पौंड, म्हणजे साधारण दोन न्यूटन-मीटरमध्येच काम होते. रिंगसोबतच्या कागदावर जो आकडा असेल तोच खरा मानावा. गाडीच्या चाकाचे नट मेकॅनिक जसे समोरासमोरचे थोडे थोडे आवळतो तसे स्क्रू आवळावेत आणि दोन्ही बाजूंची फट सारखी ठेवावी. एकच बाजू आधी आवळली तर नळी गरकन फिरते आणि आतली नेम धरायची फुली तिरकी होते. फुली उभी आहे का हे पाहायला मी समोरच्या भिंतीवर गवंड्याचा ओळंबा टांगतो.

माझी रायफल मी नव्याने बसवली. आधी ती रिकामी असल्याची डोळ्याने आणि बोटाने खात्री केली. रेल आणि जबडे स्पिरिटने पुसले. खाचेत काळ्या रंगाचा एक बारीक टवका होता, तो टाचणीने काढला. दोन्ही रिंगा मागच्या भिंतीला दाबून टॉर्क रेंचने आवळल्या आणि नवी रेघ ओढली. त्यानंतर दोनशे छर्रे झाले. रेघ अख्खी दिसते आहे.