हेल्प.ऑटोकरेक्ट (गिट)

हेल्प.ऑटोकरेक्ट ही गिट या आवृत्ती-नियंत्रण प्रणालीतील (फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमधील) एक सेटिंग आहे. कमांडचे नाव टाइप करताना चुकले तर गिटने काय करायचे, ते तिच्यावरून ठरते. सेटिंगला हात लावला नाही तर गिट फक्त सुचवते: ‘स्टेटस’चे स्पेलिंग एस-टी-ए-यू-टी-एस असे पडले, तर अशी कमांड नाही असे सांगून जवळचे नाव दाखवते आणि थांबते.

जवळचे नाव शोधण्यामागे संगणकतज्ज्ञ फ्रेडरिक डॅमेराउ आणि गणितज्ञ व्लादिमीर लेव्हेनश्टाइन यांचे १९६०च्या दशकातील काम आहे. स्पेलिंगच्या ८० टक्क्यांहून अधिक चुकांत एखादे अक्षर बदललेले, गळलेले, जादा आलेले किंवा शेजारची दोन उलटलेली असतात, असे डॅमेराउ यांनी १९६४ मध्ये दाखवले. गिट या चुकांना वेगवेगळे दंड लावते आणि ज्या नावाचा दंड कमी ते जवळचे मानते: उलटापालटीला शून्य, गळलेल्या अक्षराला १, बदललेल्याला २, जादा अक्षराला ३. घाईत बोटे पुढेमागे पडतातच, हे यात बरोबर ओळखले आहे.

सेटिंगला आकडा दिला की, सर्वांत जवळचा पर्याय एकच असेल तर, गिट तेवढा वेळ थांबून तो स्वतःच चालवते. आकडा सेकंदांत नसून सेकंदाच्या दहाव्या भागांत मोजतात. २० म्हणजे दोन सेकंद. पूर्वी अनेकांनी ‘चालू’ या अर्थाने १ लिहिले आणि त्यांना कमांड रोखायला ०.१ सेकंद मिळाला. धावण्याच्या शर्यतीत याहून लवकर हललेल्या धावपटूचा प्रारंभ चुकीचा धरतात! २०२५च्या २.४९ आवृत्तीपासून १ चा अर्थ सरळ ‘लगेच चालवा’ असा केला आहे.

‘नेव्हर’ लिहिल्यास सूचनाही दिसत नाही. ‘प्रॉम्प्ट’ लिहिल्यास गिट आधी विचारते, आणि रोजच्या कामाला हाच पर्याय योग्य. गिटला अक्षरे कळतात, हेतू नाही. अंदाज चुकून भलतीच कमांड चालण्यापेक्षा एक कळ जास्त दाबणे स्वस्त. स्क्रिप्टमधून (आपोआप चालणाऱ्या कमांडच्या यादीतून), टर्मिनलशिवाय चालताना विचारायला कोणी नसते, तेव्हा ‘प्रॉम्प्ट’ असूनही गिट काही चालवत नाही.

ब्रँचचे (कामाच्या शाखेचे) नाव किंवा कमांडला जोडलेले ऑप्शन चुकले तर या सेटिंगचा उपयोग नाही. एकच चूक वारंवार होत असेल तर त्या चुकीच्या नावाचा एलियास, म्हणजे कमांडचे पर्यायी नाव, करता येतो. मात्र गिटच्या मूळ कमांडचेच नाव दिलेला एलियास गिट सहसा विचारात घेत नाही.