चहाडी (ख्रिस्ती नीतिविचार)

समोर नसलेल्या माणसाविषयी त्याचे नाव किंवा नाती बिघडतील असे बोलणे म्हणजे चहाडी. बोलीत हिलाच लावालावी, कुचाळक्या, कान भरणे म्हणतात. ख्रिस्ती नीतिविचारात ती जिभेच्या पापांत मोडते आणि तिला खोटेपणाची अट नाही. 1992 च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात खोटा आळ घेणे आणि सबळ कारणाशिवाय दुसऱ्याचे खरे दोष उघड करणे, असे दोन वेगळे अपराध सांगितले आहेत. ‘मी खरे तेच सांगते आहे’ ही सबब त्यामुळे चालत नाही. ‘त्यांच्यासाठी प्रार्थना करा हं’ अशी सुरुवात करून सांगितलेली घरची भानगडही चहाडीच असते, आणि मंडळीत, म्हणजे चर्चच्या समुदायात, ती ओळखणे सर्वांत अवघड जाते.

बायबलमधल्या लेवीय 19:16 मध्ये लोकांत चहाड्या करीत फिरू नको अशी आज्ञा आहे. तिथल्या हिब्रू शब्दाचा संबंध फेरीवाल्या व्यापाऱ्यासाठीच्या शब्दाशी जोडतात: बातमीचे गाठोडे घेऊन दारोदार हिंडणारा माणूस. रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात येशूचा प्रेषित पौल पापांची यादी देतो. त्यात येणाऱ्या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ ‘कुजबुजणारा’ असा आहे. नीतिसूत्रे 26:20 म्हणते की लाकडे संपली की विस्तव विझतो आणि चहाडखोर नसला की भांडण थांबते. याकोबाच्या पत्रातही जीभ रान पेटवणारी ठिणगी आहे. मात्र नीतिसूत्रांतल्या प्रतिमेत ऐकणाऱ्यालाही काम उरते: आपल्या हातचे सरपण तिथे टाकायचे नाही.

उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचा बिशप ऑगस्टीन (354–430) याने हे काम जेवणाच्या मेजावरच लिहून ठेवले होते. त्याचा चरित्रकार पॉसिडियस सांगतो की मेजावर दोन लॅटिन ओळी होत्या. गैरहजर माणसाचे आयुष्य कुरतडायला ज्याला आवडते त्याने या मेजावर आपल्याला जागा नाही असे समजावे, असा त्यांचा आशय. एकदा जवळचे काही बिशपच त्या ओळी विसरून बोलू लागले. तेव्हा ऑगस्टीन कडाडला: एकतर या ओळी पुसा, नाहीतर मी जेवण अर्धे टाकून खोलीत जातो. पाहुण्यांची भीड त्याने ठेवली नाही, हे विशेष.

तेराव्या शतकात धर्मपंडित थॉमस अक्वायनसने परनिंदा आणि कानगोष्टी यांत फरक केला. निंदेने माणसाची कीर्ती जाते, कानगोष्टीने मित्र तुटतो. मित्र कीर्तीहून मोलाचा, म्हणून कानगोष्ट अधिक वाईट, असा त्याचा निर्णय आहे. प्रोटेस्टंट सुधारक मार्टिन लूथरने 1529 च्या ‘लहान प्रश्नोत्तरी’ या धर्मशिक्षणाच्या पुस्तिकेत खोट्या साक्षीविरुद्धच्या आज्ञेला दुसरी बाजू दिली: शेजाऱ्याची बाजू घ्यावी, त्याच्याविषयी चांगले बोलावे आणि त्याच्या वागण्याचा होईल तितका भला अर्थ लावावा.

या शिकवणीचा सर्वांत कसदार प्रयोग तेव्हाच्या जर्मनीतल्या फिंकेनवाल्डे येथे झाला. नाझी राजवटीत धर्मपंडित डीट्रिख बोनहॉफर तिथल्या विद्यालयात भावी पाळकांना शिकवत असे. 1937 मध्ये गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, ते विद्यालय बंद केले. तिथे एक नियम होता: सोबत्याविषयी त्याच्या माघारी बोलायचे नाही, आणि बोललोच तर त्याला जाऊन तसे सांगायचे. नियम मोडत असे, पण मोडल्यावर त्या माणसासमोर उभे राहावे लागे. नुसत्या मौनव्रतापेक्षा हा नियम मला खोल वाटतो, कारण त्यात बिघडलेले नाते सांधायची वाट आहे.

गोड बोलणे म्हणजे दोष झाकणे नव्हे. मत्तय 18:15–17 प्रमाणे भावाने अपराध केला तर आधी त्याच्याकडे एकट्याने जावे, ऐकले नाही तर एकदोघांना सोबत न्यावे आणि मगच मंडळीला सांगावे. करिंथ येथील भांडणे पौलाच्या कानावर आली, तेव्हा ती ख्लोवेच्या माणसांकडून कळली असे त्याने पत्रात उघड लिहिले. तक्रारीला तिथे नाव आहे, आणि ज्यांच्याविषयी ती आहे त्यांनाच ते पत्र लिहिले आहे. अत्याचार सोसलेल्याला ‘चहाडी करू नकोस’ म्हणून गप्प बसवणे हा या वचनांचा घोर गैरवापर आहे. 2019 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी काढलेल्या नियमानुसार लैंगिक अत्याचाराची माहिती चर्चच्या अधिकाऱ्यांना कळवणे धर्मगुरू आणि व्रतस्थ (संन्यस्त बंधू-भगिनी) यांच्यावर बंधनकारक आहे, आणि तक्रार करणाऱ्यावर मौनाची अट घालता येत नाही.