जहाजाचा पायलट व्हायचंय? मग फी भरण्याआधी डोळे तपासा

ओखा बंदर बडोदे संस्थानाचं होतं, हे सांगताना आम्हा बडोद्याच्या दांडिया बाजारवाल्यांची छाती फुगते. पण ‘पायलट’ म्हटलं की निम्मी मंडळी आभाळाकडे बघतात. बंदरात शिरणाऱ्या जहाजावर चढून त्याला धक्क्यापर्यंत वाट दाखवणारा तो हा पायलट. माझ्या भाच्याच्या डोक्यात हे खूळ शिरलं आणि वर्षभर त्याची फाइल काखोटीला मारून मीच हिंडलो.

पहिली गोष्ट, बारावीनंतर पायलटपदासाठी थेट अर्ज नसतो. जागा निघाली की बंदर जाहिरात काढतं आणि मोठ्या बंदरांना सहसा परदेशगामी जहाजाच्या मास्टरचं, म्हणजे कप्तानाचं प्रमाणपत्र असलेला माणूस लागतो. त्यामुळे आज अर्ज करायचा तो डेक कॅडेट, म्हणजे जहाज चालवणारा शिकाऊ अधिकारी होण्यासाठी. इंडियन मेरीटाइम युनिव्हर्सिटीची सामायिक प्रवेश परीक्षा द्यायची, मग एक वर्षाचा नॉटिकल सायन्सचा, म्हणजे नौकानयनशास्त्राचा डिप्लोमा किंवा तीन वर्षांची बी.एस्सी. भौतिक, रसायन आणि गणित मिळून ६० टक्के, दहावी किंवा बारावीला इंग्रजीत ५० टक्के, वय १७ ते २५ (मुलींना दोन वर्षं जास्त). डिप्लोमानंतर १८ महिने समुद्रावर, मग सेकंड मेटची, म्हणजे कप्तानाच्या हाताखालच्या अधिकाऱ्याची परीक्षा. मास्टर व्हायला त्यापुढे बरीच वर्षं जातात.

आता डोळे. डेकसाठी चष्म्याशिवाय ६/६ नजर लागते. एका डोळ्याला ६/६ असेल तर दुसऱ्याला ६/९ चालते. रंगांधळेपणा मात्र अजिबात नाही. ठिपक्यांच्या पानांचं इशिहारा पुस्तक समोर धरतात. त्यातल्या एका पानावर नीट रंग दिसणाऱ्याला ७४ दिसतो आणि लाल-हिरव्याची गल्लत होणाऱ्याला २१. शेजारच्या एका मुलानं क्लासची अख्खी फी भरली, दोन महिने गणितं सोडवली, आणि शेवटी डॉक्टरांपुढे ठामपणे ‘एकवीस’ म्हणाला. त्याला आयुष्यात कधी शंकाही आली नव्हती. रात्री समोरच्या जहाजाचा डावा दिवा लाल, उजवा हिरवा. ते कुठल्या दिशेनं चाललंय हे त्यावरूनच ओळखायचं. आपल्याकडे बंदरात शिरताना लाल बोया (पाण्यावरची तरंगती खूण) डाव्या हाताला ठेवायचा. इथे अंदाजपंचे चालत नाही. तेव्हा आधी गावातल्याच नेत्रतज्ज्ञाकडे जा, थोडक्या खर्चात उत्तर मिळेल. अधिकृत दाखला मात्र नौवहन महासंचालनालयाच्या यादीतल्या डॉक्टरांचाच लागतो. तो जास्तीत जास्त दोन वर्षं चालतो, १८ वर्षांखालच्यांचा एकच वर्ष.

अंगात दम किती हवा, ते पायलटची शिडी बघितली की कळतं. पायलटला आणणारी छोटी बोट, म्हणजे लाँच, जहाजाला लागून धावत असते, दोन्ही वरखाली होतात. लाट उंच आली की दोराची शिडी पकडायची आणि चढायचं. नऊ मीटरपर्यंत, म्हणजे तीन मजली वाड्याएवढी चढाई असू शकते, तीही रात्री, पावसात. चढ त्याहून जास्त असेल तर जहाजाचा तिरका जिना जोडीला द्यावा लागतो. इथे आपल्या गावाचा फायदा आहे. जुम्मादादा व्यायाम मंदिरात दोरीचा मल्लखांब केलेल्या पोराला पकड काय ते शिकवावं लागत नाही. गुडघे, पाठ आणि कान मात्र पन्नाशीपर्यंत टिकवायला हवेत.

डोक्याचं काम याहून अवघड. पायलट स्वतः चाक धरत नाही. तो ‘पोर्ट टेन’ (सुकाणू दहा अंश डावीकडे) म्हणतो, सुकाणूवरचा खलाशी ‘पोर्ट टेन’ असंच परत म्हणतो, आणि मग खरंच तेवढंच वळलं का हे पायलट दर्शकावर बघतो. मोठं जहाज ब्रेक मारल्यासारखं थांबत नाही, म्हणून पुढच्या दहा मिनिटांचं चित्र आत्ताच डोक्यात लागतं. आपल्या जवळचंच उदाहरण घ्या: खंबातच्या आखातात, भावनगरकडे, भरती-ओहोटीतला फरक १० मीटरवर जातो. तिथल्या प्रवाहाचं गणित तोंडपाठ लागतं. वर परक्या देशाचा कप्तान, मोडकंतोडकं इंग्रजी, वायरलेसवर टगवाल्यांचे (जहाज ओढणाऱ्या-ढकलणाऱ्या बोटींवरच्यांचे) आवाज आणि रात्री तीनला झोपेतून उठून यायचं. जबाबदारी कप्तानाचीही राहतेच, त्यामुळे आवाज न चढवता आपलं म्हणणं पटवता आलं पाहिजे. तापट माणसानं या वाटेला जाऊच नये, असं माझं मत.

कागदपत्रं फार नाहीत: दहावी-बारावीची गुणपत्रकं, पासपोर्ट, प्रवेश परीक्षेचं रँक कार्ड, वैद्यकीय दाखला, फोटो, डिप्लोमासाठी सहसा जहाज कंपनीचं प्रायोजकपत्र. नाविक म्हणून इंडोस क्रमांक (देशातल्या नाविकांच्या यादीतला आपला क्रमांक) आणि सीडीसी (समुद्रावरच्या नोकरीची नोंदवही) पुढे काढावे लागतात, तेही ऑनलाइनच. घोळ होतो तो नावाचा. आमच्याकडे गुणपत्रकावर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर रकानेच वेगळे. त्यात शाळेतल्या कारकुनानं ‘शिर्के’चं ‘सिरके’ केलेलं असतं. आमचा दुरुस्तीत दीड महिना गेला. तेव्हा पासपोर्टचा अर्ज भरण्याआधी दहावीचं गुणपत्रक शेजारी ठेवा आणि एकेक अक्षर बोटानं मोजून जुळवा.